दहा ते तीन

शहाण्याने चढू नये म्हणतात, ती पायरी
मी मंगळवारी आणि शनिवारी झाडते.
जूनमध्ये कॉटनवूडचा कापूस उडत येतो नेब्रास्काभर
आणि दारात बसून राहतो,
तारीख मागायला आलेल्या पक्षकारासारखा.
एक किल्ली माझ्याकडे, दुसरी डेलबर्ट व्होपातकडे.
पण त्याचे गुडघे गेलेत.

ब्रॅन्डल क्रीकचं हे कोर्ट. आता म्युझियम.
चौऱ्याऐंशी वर्षं इथे माणसं शपथेवर खोटं बोलली.
मग कारभार हायवेलगतच्या बुटक्या इमारतीत गेला,
जिथे गाडी लावायला जागा आहे.
हे पाडणार होते. दोन मतांनी वाचलं.
त्यातलं एक माझं. दुसऱ्याचं नाव सांगत नाही,
त्याला अजून सासुरवाडीला जेवायला जावं लागतं.

न्यायाधीशाच्या खुर्चीवर एथलिन ग्रॅबोस्कीचा लग्नाचा झगा,
कंबर एवढीशी, की जरब बसावी.
ज्यूरीच्या बारा खुर्च्या,
प्रत्येकीच्या पोटाखाली टोपी अडकवायला तारेची कडी.
सातवी जरा वेगळ्या लाकडाची.
मूळची कुणी नेली ते गावाला ठाऊक आहे;
पुरावा नाही.
वरच्या कोठडीत बाहुल्या, काचेच्या डोळ्यांच्या.
शाळेची मुलं गजांना नाक लावून विचारतात,
यांनी काय केलं होतं?
मी सांगते, चौकशी चालू आहे.

आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात
लोणी घुसळायचा एक लाकडी पिंप.
का तिथे? जागा रिकामी होती म्हणून.

रिकामी नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

हिवाळ्यात कुणी फिरकत नाही, तेव्हा मी जुन्या वह्या वाचते.
एकोणीसशे नऊ, मार्च.
लुडमिला शेडिवी विरुद्ध धान्याची कंपनी.
नवरा कोठारात गव्हाखाली गेला,
वर काढला तेव्हा खिशांतसुद्धा गहू होता.
कारकुनाचं अक्षर मोत्याचं, आणि त्या अक्षरात:
"साक्षीदार सुमारे चाळीस मिनिटं बोलली.
दुभाषा आजारी. नोंद नाही."
खाली निकाल, कंपनीच्या बाजूने.
खर्च वादीने द्यावा.

माझं घराणं जर्मन. चेक भाषा येते ती डेलबर्टला,
तीही प्रार्थनेपुरती आणि बैलांना शिव्या देण्यापुरती.
त्याला विचारलं, काय बोलली असेल रे चाळीस मिनिटं?
कसं घडलं, एवढं सांगायला तर पाच पुरतात.
तो बराच वेळ गुडघा चोळत राहिला.
म्हणाला, कसं घडलं ते नसेलच सांगितलं तिने.
तो कसा होता, ते सांगितलं असेल.

मग आम्ही दोघांनी तो पिंप हलवला.
एकशे सत्तेचाळीस वर्षांची दोन म्हातारी, मिळून.
खालची फळी पिंपाच्या बुडाएवढी गोल, उजळ निघाली.
कठड्यावर मात्र एका जागी पॉलिश उडालेलं,
जिथे सगळेच हात टेकतात,
खरे आणि खोटे.

आता पिंजऱ्यात काही नाही.
येणारे विचारतात, इथली वस्तू दुरुस्तीला गेली का?
कमिटीला पाटी हवी आहे. दोन बैठका झाल्या,
एकीत कॉफी सांडली, भांडण झालं.
मी अजून काही लिहिलेलं नाही.
लिहायला बसले की शाई त्या कारकुनाचीच वाटते.

झगा झाकते. दिवे मालवते.
तीन वाजलेले असतात, तरी कठड्यापाशी जरा बसते,
ज्यूरीच्या सातव्या खुर्चीत, ती तेवढी करकरत नाही.
दार ओढते तेव्हा रस्त्यावर सावल्या लांबलेल्या.
दारावरची वेळ बदलायला हवी.
डेलबर्ट म्हणतो, राहू दे.